सात खाड्यांचा हिशेब

प्रति,
मा. आयुक्त, बृहन्मुंबई महानगरपालिका;
मा. कार्यकारी आरोग्य अधिकारी;
उपनगरांतल्या पालिका रुग्णालयांचे वैद्यकीय अधीक्षक;
के पूर्व, के पश्चिम, आर मध्य, एन, एस आणि टी विभागांचे आरोग्य अधिकारी;
आणि राज्याचा सार्वजनिक आरोग्य विभाग यांस,



आमच्या स्वयंपाकघरात दारामागे २०२४ सालचं कालनिर्णय अजून टांगलेलं आहे. वर्ष संपलं की जुनं कॅलेंडर रद्दीत जातं, हे मात्र दिलेलं नाही. दुधाचा हिशेब, सिलिंडरची तारीख आणि पेपरवाल्याचे पैसे यांच्या जोडीला त्यावर निळ्या पेनाच्या फुल्या आहेत. पोळ्या करायला येणाऱ्या मावशींचा खाडा झाला की त्या तारखेवर फुली मारायची, महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या आणि दोनपेक्षा जास्त भरल्या तर पैसे कापायचे, अशी मुलुंडमधल्या पुष्कळ घरांतली रीत आमच्याकडेही होती. ५ ऑगस्ट ते १८ ऑक्टोबर या काळात अशा सात फुल्या आहेत. मावशींच्या उजव्या स्तनातल्या गाठीचं निदान व्हायला किती वेळ लागला, याची माझ्याकडे असलेली एकमेव नोंद ती हीच.

पहिल्या दोन फुल्यांच्या वेळी मी काही विचारलं नाही. श्रावण लागला होता, पहिलाच सोमवार होता, कुठे देवळात गेल्या असतील. तिसरी फुली ११ सप्टेंबरची, गौरीपूजनाची. त्या दिवशी तर बाई येणारच नाही हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी कणीक मळता मळता त्या म्हणाल्या, "वहिनी, काल गौर जेवली नाही हो वेळेवर. मी इस्पितळात होते." तेव्हा कुठे मला कळलं की महिनाभरापूर्वी भांडुपच्या टेकडीवर त्यांच्या चाळीत आरोग्य सेविका आली होती, तिने विचारपूस केली, यांनी सहज गाठ सांगितली आणि तिने यांना पालिकेच्या दवाखान्यात धाडलं. "दुखत नव्हती हो. दुखली असती तर आधीच गेले असते."

त्या सात दिवसांत काय काय झालं ते थोडक्यात लिहिते. ५ ऑगस्टला दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गाठ हाताने तपासली आणि त्याच मिनिटाला मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. ८ ऑगस्टला तिथल्या सर्जरीच्या ओपीडीत तपासणी होऊन दोन्ही स्तनांची सोनोग्राफी लिहून मिळाली. खिडकीवर तारीख मिळाली ११ सप्टेंबरची. त्या दिवशी तिथे सगळ्यांना सांगतात तसं यांनाही सांगितलं, पाणी पिऊन बसा. पोटाच्या सोनोग्राफीला मूत्राशय भरलेलं लागतं. छातीच्या सोनोग्राफीला पाण्याचा काडीचाही संबंध नाही. मावशी दोन बाटल्या पाणी पिऊन, गरोदर पोरींच्या रांगेत, दोन तास लघवी दाबून बसल्या. नंबर आल्यावर आत सांगितलं गेलं की छातीचं आज होत नाही, ते करणाऱ्या मॅडम गुरुवारी असतात. पुढच्या गुरुवारी, १९ सप्टेंबरला, सोनोग्राफी झाली. २३ तारखेला तो कागद सर्जनला दाखवला. ३ ऑक्टोबरला, घटस्थापनेच्या दिवशी, सुई घालून तुकडा काढला. १८ तारखेला त्याचा रिपोर्ट आला. रिपोर्ट वाईट होता.

एकूण ७४ दिवस. त्यांतले ४२ दिवस, म्हणजे ८ ऑगस्टपासून १९ सप्टेंबरपर्यंतचे, एकट्या सोनोग्राफीच्या वाट पाहण्यात गेले.

हे कोणतं रुग्णालय ते मी लिहिणार नाही. लिहिलं तर एका अधीक्षकांकडून खुलासा मागवला जाईल, खिडकीवरच्या कारकुनाची बदली होईल आणि तारखांची वही जिथल्या तिथे राहील. शिवाय तिथे कोणी आमच्याशी वाईट वागलं असंही नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी गाठ ओळखली, सर्जनने योग्य तपासणी लिहिली, सोनोग्राफी करणाऱ्या मॅडमनी मन लावून केली. प्रत्येकाने आपापलं काम चोख केलं आणि तरी अडीच महिने गेले. म्हणून हे पत्र तुम्हाला. ज्या कामाला कोणी एक माणूस जबाबदार नसतो ते कोणाचं, याचं उत्तर देण्यासाठीच तर ही पदं निर्माण झाली.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली स्तनाच्या कर्करोगाबद्दल जो आराखडा दिला त्यात ६०, ६० आणि ८० हे तीन आकडे आहेत. निदान होणाऱ्या रुग्णांपैकी किमान ६० टक्के पहिल्या किंवा दुसऱ्या टप्प्यात सापडाव्यात, बाई पहिल्यांदा आरोग्य केंद्राची पायरी चढली की ६० दिवसांच्या आत निदान पक्कं व्हावं आणि ८० टक्के जणींचा उपचार पुरा व्हावा. मावशींचे ७४ झाले. सोनोग्राफीची तारीख आठवड्याच्या आत मिळाली असती तर बाकी सगळं आहे तसंच ठेवूनही ३९ झाले असते. गणित चौथीच्या मुलाला जमेल असं आहे.

आता कोणी म्हणेल की गरीब बायका दुखणं अंगावर काढतात, उशिरा येतात, त्याला आम्ही काय करणार. हे वाक्य मी डॉक्टरांकडून, अधिकाऱ्यांकडून आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या तोंडूनही पुष्कळदा ऐकलेलं आहे. पण याच शहराने ते खोटं पाडलेलं आहे. परळच्या टाटा स्मारक केंद्राने १९९८ साली मुंबईतल्या २० वस्त्यांमध्ये एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या १ लाख ५१ हजार ५३८ बायका त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी, त्या डॉक्टर नव्हत्या, दर दोन वर्षांनी बायकांचे स्तन हाताने तपासले. अशा चार फेऱ्या झाल्या. वीस वर्षांचा हिशेब २०२१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. हाताने तपासलेल्या वस्त्यांत रोग लवकरच्या टप्प्यात सापडला. तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण बाकीच्या वस्त्यांत ४७ टक्के होतं, इथे ३७. पन्नाशी ओलांडलेल्या बायकांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. पन्नाशीच्या आतल्या बायकांत मात्र मृत्यू घटलेले दिसले नाहीत, हेही त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं आहे.

जगभर हा निकाल गाजला, कारण मॅमोग्राफीचं यंत्र न वापरता, नुसत्या शिकवलेल्या हातांनी हे साधलं होतं. तो अभ्यास आपल्या वस्त्यांमधला, बोटं आपल्याच बायकांची. २०१६ पासून केंद्राच्या कार्यक्रमात तीस वर्षांपुढच्या बायकांची हाताने स्तनतपासणी आली ती याच वाटेने. मावशींच्या चाळीत सेविका पोहोचली ती त्यामुळेच. म्हणजे जे अवघड होतं, वस्तीत शिरणं, बाईला बोलतं करणं, लाज बाजूला ठेवायला लावणं, ते झालं. बोट गाठीवर पडलं. तिथून पुढे नुसता रस्ता हवा होता. त्या अभ्यासात गाठ लागलेल्या बाईला पुढच्या तपासणीला नेण्याची सोय आधीच बांधलेली होती. आपण हात घेतला आणि रस्ता विसरलो.

आणि या रस्त्यावरचं पहिलं स्टेशन पुष्कळ जणींसाठी सोनोग्राफी असतं, मॅमोग्राफी नाही. आपल्याकडे हा रोग पाश्चात्त्य बायकांपेक्षा साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. चाळिशीच्या आतबाहेर स्तनातली ग्रंथी दाट असते, एक्स-रेवर ती पांढरी दिसते आणि गाठही पांढरीच दिसते. तिशीच्या आतल्या, गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईच्या गाठीला तर पहिली तपासणी सोनोग्राफीचीच करायची असते. किरणोत्सर्ग नाही, दाबून धरणं नाही, आणि मुख्य म्हणजे त्याच यंत्राच्या नजरेखाली सुई नेमकी गाठीत नेता येते.

१९ सप्टेंबरला मी मावशींबरोबर गेले होते, म्हणून पडद्यावर काय दिसलं ते सांगू शकते. मॅडमनी पोटासाठीचा कमानदार प्रोब बाजूला ठेवून सरळ पट्टीसारखा दुसरा प्रोब उचलला. हा जास्त कंपनसंख्येचा, बारा मेगाहर्ट्झच्या आसपासचा. तो खोल बघत नाही, वरचे चार-पाच सेंटिमीटर मात्र बारकाईने बघतो. जेल गार होतं, मावशी दचकल्या. आधी डाव्या बाजूला एक काळंभोर गोल दिसलं, कडा रेखीव, आणि त्याच्या खाली उजेडाचा पट्टा. "ही पाण्याची गाठ, हिची काळजी नको," मॅडम म्हणाल्या. पाण्यातून ध्वनी विनासायास जातो, म्हणून गाठीच्या पलीकडे उजेड पडतो. डावीकडची ही गाठ मावशींना ठाऊकच नव्हती.

मग उजवीकडे आल्या आणि बोलायच्या थांबल्या. इथे गाठ राखाडी-काळी होती, कडा फाटक्या कापडासारख्या, आणि खाली उजेडाऐवजी सावली. मॅडमनी दोन बारीक अधिकचिन्हं ठेवून मोजमाप घेतलं, मग आडवं, मग उभं. स्तनातले थर आडवे पसरलेले असतात. साधी गाठ त्या थरांच्या कलाने आडवी वाढते. ही थर छेदत उभी वाढली होती, फलाटावर सगळे रांगेत असताना एखादा मध्येच रांग तोडून उभा राहतो तशी. रुंदीपेक्षा उंची जास्त, हे लक्षण रेडिओलॉजिस्ट फार गंभीरपणे घेतात. अमेरिकेतले डॉ. स्टॅव्ह्रॉस यांनी १९९५ साली ७५० गाठींवरून ही लक्षणं मांडून दाखवली आणि तेव्हापासून नुसत्या सोनोग्राफीवर साधी गाठ आणि संशयित गाठ वेगळी काढण्याला शिस्त आली. डॉपलरने गाठीतला रक्तपुरवठा दिसू लागला. इलॅस्टोग्राफीने गाठ किती कडक आहे ते रंगांत दिसू लागलं, म्हणजे जे सेविकेच्या बोटाला कळतं तेच यंत्र मोजून सांगू लागलं. आपोआप फिरणारी, सबंध स्तनाचं त्रिमिती चित्र काढणारी यंत्रंही आली आहेत. अंधेरीच्या चकचकीत केंद्रांत यातलं पुष्कळ मिळतं. मावशींना यातलं काही लागलं नाही. साधं यंत्र, बरोबर प्रोब आणि दहा मिनिटं वेळ असलेले डॉक्टर, एवढ्यात काम झालं. त्या दहा मिनिटांसाठी ४२ दिवस लागले.

का लागले, याचं एक कारण त्या खोलीच्या दारावरच लिहिलेलं होतं. 'येथे गर्भलिंग तपासणी केली जात नाही. तो कायद्याने गुन्हा आहे.' पाटी हवीच. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ साली महाराष्ट्राने केला. तो मुंबईतल्या बायकांच्या संघटनांनी लढून मिळवला, १९९४ साली देशाचा कायदा झाला, २००३ साली आणखी कडक झाला. ज्या बायकांनी हे केलं त्यांचं ऋण माझ्यासारखीवर आहे, त्यामुळे कायदा सैल करा असं कोणी या पत्रातून वाचू नये. पण या कायद्याची सावली जिथे पडायला नको तिथेही पडते, हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. यंत्राची नोंदणी जागेला बांधलेली. प्रोब हातात धरायचा तर तो पात्र डॉक्टरनेच. अमेरिकेत प्रशिक्षित तंत्रज्ञ प्रोब फिरवतो आणि डॉक्टर चित्रं वाचतो, इथे ती वाट बंद आहे. कागदातली चूकही गुन्हाच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली पुन्हा स्पष्ट केलं. परिणाम असा की पालिका रुग्णालयात रेडिओलॉजिस्ट मोजके, यंत्रं मोजकी, आणि दोन्हींवर पहिला हक्क गरोदर बाईचा. उरलेल्या वेळात पित्ताचे खडे, मुतखडे, अपेंडिक्स. स्तन सगळ्यात शेवटी.

आपल्या बोलीतसुद्धा हे उतरलं आहे. सोनोग्राफीला गेले होते असं एखादीने सांगितलं की समोरची लगेच विचारते, "गोड बातमी?" मावशींना एकोणपन्नासाव्या वर्षी रांगेतल्या पोरीने विचारलं, कितवा महिना? त्यांनी सांगितलं, सुनेचा सातवा.

गंमत अशी की हे तंत्र गर्भाच्या आधी स्तनाकडे वळलं होतं. जॉन वाइल्ड नावाचा इंग्रज सर्जन आणि जॉन रीड नावाचा अभियंता अमेरिकेत मिनिआपोलिसला १९५२ च्या सुमारास ध्वनिलहरींनी स्तनातल्या गाठी बघत होते. ग्लासगोच्या इयान डोनल्ड यांचा पोटातल्या गाठींवरचा आणि गर्भावरचा गाजलेला लेख त्यानंतरचा, १९५८ चा. आपल्याकडे क्रम उलटला.

कायद्याला हात न लावताही पुष्कळ करता येतं. गर्भवतीसाठी भरायचा 'एफ' नमुना गाठ घेऊन आलेल्या, गरोदर नसलेल्या बाईसाठी नाही. तरी काही ठिकाणी भीतीपोटी तिच्याकडूनही ढीगभर कागद घेतले जातात. राज्याच्या आरोग्य विभागाने एका पानाचं परिपत्रक काढून स्तनाच्या सोनोग्राफीला कोणते कागद लागतात आणि कोणते लागत नाहीत एवढं स्वच्छ मराठीत लिहिलं तर ती भीती जाईल. मुंबईत या कायद्याची अंमलबजावणी वॉर्डातल्या आरोग्य अधिकाऱ्यांकडे असते, म्हणून हे पत्र त्यांनाही आहे. यंत्र सील करण्याचा अधिकार ज्यांच्या हाती आहे त्यांनी, हे यंत्र छातीवर बिनधास्त चालवा, असं एकदा लेखी सांगितलं तर रेडिओलॉजिस्टची छाती हलकी होईल.

फिरत्या गाडीत यंत्र ठेवून वस्त्यांत पाठवण्याची कल्पना अधूनमधून निघते. २०१२ च्या नियमांनुसार, इतर आरोग्यसेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात ते चालतंही. गडचिरोलीत किंवा मेळघाटात त्याला अर्थ असेल. उपनगरात गाडीची गरज नाही. भांडुपच्या टेकडीवरून मावशी चाळीस मिनिटांत रुग्णालयात पोहोचतात. घाटकोपरहून अंधेरीला मेट्रो वीस मिनिटांच्या आत नेते. बाई पोहोचते, तारीख पोहोचत नाही.

आणि कृपा करून शिबिरं नकोत. दर मार्चला, महिला दिनाच्या आठवड्यात, बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत फ्लेक्स लागतात: भव्य मोफत स्तनतपासणी शिबिर, सौजन्य अमुक, प्रमुख उपस्थिती तमुक, आणि बाईपेक्षा पुढाऱ्याचा फोटो मोठा. गाठ नसलेल्या शेकडो बायकांवर घाईघाईने प्रोब फिरवून काय मिळतं? जपानमध्ये ४० ते ४९ वयाच्या जवळजवळ ७३ हजार बायकांवर मॅमोग्राफीला सोनोग्राफीची जोड देऊन बघितली. २०१६ मध्ये निकाल आला. जास्त कर्करोग सापडले, लवकरच्या टप्प्यातले सापडले, पण विनाकारण पुन्हा बोलावल्या गेलेल्या बायकाही वाढल्या. सगळ्यांची सरसकट सोनोग्राफी केल्याने मृत्यू कमी होतात हे त्या निकालाने दाखवलेलं नव्हतं. पुन्हा बोलावलेली ती बाई जपानात नीट व्यवस्थेत जाते. इथे तिला शिबिरातून एक चिठ्ठी मिळते आणि ती त्याच खिडकीवर, त्याच ४२ दिवसांच्या रांगेत, मावशींच्या पुढे किंवा मागे उभी राहते. ज्या बाईला गाठ लागलेली आहे तिची सोनोग्राफी लगेच करणं ही वेगळी गोष्ट आहे आणि तिच्याबद्दल कोणत्याही देशात वाद नाही.

रेडिओलॉजिस्ट मंडळींनाही जाता जाता एक विनंती. तुमचा रिपोर्ट पुढचा डॉक्टर वाचतो हे खरं, पण तो घेऊन हिंडते ती बाई. मावशींच्या कागदावर गाठ 'उजवा स्तन, वरचा बाहेरचा भाग' एवढंच होतं. त्यामुळे सुई घालायच्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी पहिल्यापासून शोधाशोध केली. घड्याळाची भाषा तुम्हाला शिकवलेली असते: दहाच्या ठोक्यावर, निपलपासून चार सेंटिमीटर. एवढं लिहिलं की बोट थेट गाठीवर जातं. गाठ किती संशयास्पद ते सांगणारा बायरॅड्सचा आकडाही त्यावर नव्हता. दोन म्हणजे साधी, तीन म्हणजे धोका दोन टक्क्यांच्या आत, सहा महिन्यांनी पुन्हा बघा, चार आणि पाच म्हणजे सुई घाला. हा एक आकडा असता तर खिडकीवरच्या कारकुनालाही कळलं असतं की ही तारीख मागे ढकलायची नाही. त्याऐवजी तळाला नेहमीचं वाक्य होतं, 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. मावशींनी मला विचारलं, याचा अर्थ काय? मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा. त्या म्हणाल्या, "मग हे कोणाला दाखवलं होतं?"

उलट बाजूही आहे. सोनोग्राफी स्वच्छ आली म्हणून हाताला लागणारी संशयित गाठ घरी पाठवता येत नाही. खडूच्या कणांसारखे बारीक क्षार मॅमोग्राफीवर दिसतात, सोनोग्राफीवर ते बहुधा निसटतात. हात, चित्र आणि सुई, तिघांचं एकमत झालं तरच निर्धास्त व्हायचं. हे तीनही वेगवेगळ्या मजल्यांवर, वेगवेगळ्या वारी बसतात, हीच आपली अडचण आहे.

म्हणून मागणी साधी आहे. उपनगरांतल्या प्रत्येक मोठ्या पालिका रुग्णालयात, विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये, घाटकोपरच्या राजावाडीत, कांदिवलीच्या शताब्दीत, आठवड्यातली एक सकाळ फक्त स्तनाच्या गाठींची ठेवा. कुठे अशी सकाळ आधीच ठेवलेली असेल तर ती कुठे आणि कोणत्या वारी हे दवाखान्यांच्या दारावर लावा, कारण चिठ्ठी तिथून निघते. त्या सकाळी सर्जन, सोनोग्राफीचे डॉक्टर आणि सुई घालणारे एकाच ओळीतल्या खोल्यांत बसोत. गाठ बघितली, संशय आला, त्याच टेबलावर सुई. सुईच्या बंदुकीचा खट्ट आवाज होतो, बाई घाबरते, तो आधी एकदा हवेत ऐकवा म्हणजे ती हलत नाही. ३ ऑक्टोबरच्या डॉक्टरांनी हे कोणी न सांगता केलं, त्यांचं मला कौतुक वाटलं. तुकडा प्रयोगशाळेत जाईल, रिपोर्ट यायला आठवडा-दीड आठवडा लागेल, तो लागू दे. पण बाईचा खाडा एक व्हावा, रिपोर्टचा धरून दोन.

खाड्याचं हे गणित तुमच्या फायलींत नसतं म्हणून मुद्दाम लिहिते. मावशी चार घरी पोळ्या करतात. सात खाडे म्हणजे अठ्ठावीस घरांच्या कणकी. आमच्याकडे पैसे कापले नाहीत, हे काही मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. तिसऱ्या फुलीपर्यंत साधी चौकशी न केलेल्या घराला ते शोभत नाही. बाकीच्या तीन घरांत दिवसाप्रमाणे कापले गेले. पाचव्या खेपेला त्या मला म्हणाल्या होत्या, "दिवाळी झाली की जाईन सुईला, आत्ता परवडत नाही." यालाच आपण दुखणं अंगावर काढणं म्हणतो. ओढत नेलं तेव्हा गेल्या. उपचारासाठी महात्मा फुले योजना आहे, तिचा आधार मोठा आहे, पण तिचा दरवाजा उघडतो तो हातात पक्का रिपोर्ट आल्यावर. त्या दाराशी पोहोचेपर्यंतचा सगळा खर्च खाड्यांच्या रूपात बाईच करते.

शेवटची गोष्ट फुकट होणारी आहे. मुंबईत कर्करोगाची नोंद १९६४ सालापासून होते, देशातली ही पहिली नोंदवही. बायकांमध्ये स्तनाचा कर्करोग इथे पहिल्या क्रमांकावर आहे हे आपल्याला तीच सांगते. किती जणींना झाला, कितव्या वर्षी झाला, सगळं मोजतो. पहिल्या चिठ्ठीपासून रिपोर्टपर्यंत किती दिवस लागले, हा एक रकाना प्रत्येक उपनगरी रुग्णालयाने भरावा आणि दर महिन्याला तो आकडा ओपीडीच्या भिंतीवर लावावा. साठच्या वर गेला तर कोणाला खुलासा विचारायचा ते तुम्ही ठरवा. भरतीसाठी पैसे लागतील, यंत्रांसाठी निविदा निघतील, त्याला वर्षं जातील. या रकान्याला एक पेन लागतं. आमच्या कॅलेंडरवर तो निळ्या पेनाने भरला गेला.

मावशींचं पुढचं सगळं परळला झालं. केमो पुरी झाली, शस्त्रक्रिया झाली, केस परत आले, पूर्वीपेक्षा कुरळे. त्या दोन घरी पुन्हा जायला लागल्या आहेत, आमच्याकडे अजून नाही, पोळ्या मीच करते आणि त्या जाड होतात. गेल्या आठवड्यात त्या भेटायला आल्या तेव्हा शेजारणीचा कागद घेऊन आल्या होत्या. वय ४१, डाव्या बाजूला गाठ, दुखत नाही. सेविकेने पाठवलं, दवाखान्याने पाठवलं, सर्जनने सोनोग्राफी लिहिली. खिडकीवर तारीख मिळाली आहे ३१ दिवसांनंतरची. त्यांतले सात दिवस गेले. ती तारीख अलीकडे आणायला तुमच्याकडे अजून चोवीस दिवस आहेत.

आपली,
टी विभागातली एक रहिवासी, मुलुंड पूर्व